हात दुखतोय की हत्यार दुखवतंय? ओटीतल्या इन्स्ट्रुमेंटबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, ट्रॉलीबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं, की एखाद्या आर्टरीने (रक्तवाहिनी पकडायचा कात्रीसारखा चिमटा) किंवा कात्रीने काम करताना हात भरून येत असेल तर आधी ती आर्टरी तपासा, हात नंतर. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा भाग त्यालाच दिलाय. ओटीत तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच इन्चार्ज म्हणून, त्यामुळे सांगते ते ट्रॉलीच्या बाजूने सांगते, डॉक्टरांच्या बाजूचं डॉक्टरांनी ताडून घ्यावं. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

सिस्टर, मी सर्जरीची सेकंड इयर रेसिडेंट आहे. टाके घेताना सुई नीडल होल्डरमध्ये (सुई धरायच्या चिमट्यात) फिरते. सर म्हणतात तुझी ग्रिप चुकते. पण एका सेटमधल्या होल्डरने माझे टाके छान येतात आणि दुसऱ्या सेटमधल्याने हमखास सुई फिरते. चूक कुणाची समजायची? (सोलापूर)

डॉक्टर, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, हात तोच आणि होल्डर बदलला की टाका बदलतो, मग ग्रिपचा प्रश्न कुठे आला. तरी आपण नीट तपासू म्हणजे सरांनाही दाखवता येईल. त्या होल्डरला शोभेल अशी मध्यम सुई घ्या, जबड्यात टोकापासून साधारण एक तृतीयांशावर धरा, रॅचेट, म्हणजे रिंगजवळचं दातांचं लॉक, दुसऱ्या दातापर्यंत लावा आणि आता दुसऱ्या फोर्सेपने सुई हलवून बघा. बोटाने नको, टोचेल. सुई जागची हलली, गोल फिरली, तर तो होल्डर दुरुस्तीला गेला पाहिजे. मग तो रिकामा बंद करा आणि खिडकीच्या उजेडापुढे धरा. आमच्याकडे एकदा रात्रीच्या सिझेरियनला असंच झालं होतं, सुई सारखी वळत होती, बिचारी रेसिडेंट घामाघूम, समोरचे डॉक्टर चिडलेले. सकाळी तो होल्डर धुऊन मी उजेडापुढे धरला तर दोन्ही जबडे टोकाला टेकलेले, मागे टेकलेले, आणि बरोबर जिथे सुई बसते तिथे केसाएवढी फट, त्यातून प्रकाश येत होता. वर्षानुवर्षं त्याच एका जागी सुई धरून जबड्याची जाळी तिथे गुळगुळीत झाली होती. हाताला जोर लावून ती फट कशी भरणार? उलट जोर लावला की मनगट आखडतं आणि टाका वाकडा जातो.

आता एक लक्षात घ्या, होल्डर असा का होतो. बारीक होल्डरमध्ये जाडजूड सुई धरली की जबडे ताणले जातात आणि मग बारीक सुई त्यात कधीच घट्ट बसत नाही. कुणीतरी घाईत त्याच होल्डरने वायर पिळलेली असते. आणि सोनेरी रिंगवाले जे होल्डर असतात त्यांच्या जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या असतात, त्या खूप कडक, सुई छान धरतात, चांगल्या बनावटीच्या असतील तर झिजल्यावर पट्ट्या बदलूनही मिळतात. पण नुसती रिंग सोनेरी म्हणजे कार्बाइड असं समजू नका, स्वस्त मालात फक्त मुलामा असतो. जबडा उघडून बघा, आत वेगळ्या रंगाची पट्टी बसवलेली आणि तिची कड दिसायला हवी.

आणि हो, ग्रिपही बघून घ्या एकदा, रिंगमध्ये अंगठा आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच, तर्जनी पुढे जॉइंटजवळ टेकलेली. अंगठा आतपर्यंत घातला की मनगट वळत नाही. ग्रिप बरोबर असून सुई फिरत असेल तर तो होल्डर बाजूला काढून सिस्टरना द्या आणि "हा फिरतो" एवढं तोंडाने सांगा. न सांगता ट्रॉलीवर परत ठेवला की उद्या तो दुसऱ्या कुणाच्यातरी हातात जाणार, दुसऱ्या पेशंटवर.

मी डावखुरा इंटर्न आहे. कात्रीने धागा कापताना धागा पात्यात दुमडतो, आर्टरी उघडताना झटका बसतो. सगळे म्हणतात उजव्या हाताने शिक. शिकावंच लागेल का? (नांदेड)

डॉक्टर, तुम्ही वेंधळे नाही आहात, हे आधी. साधी कात्री उजव्या हातासाठीच बनलेली असते. उजव्या हातात धरली की अंगठा एका रिंगला बाहेर ढकलतो आणि बोटं दुसरीला आत ओढतात, त्यामुळे दोन्ही पाती एकमेकांवर दाबली जातात आणि कापतं ते त्या दाबामुळे. तीच कात्री डाव्या हातात घेतली की हाच जोर उलटा लागतो, पाती एकमेकांपासून लांब होतात आणि धागा मध्ये दुमडतो. नवी कोरी, कितीही धारेची कात्री असली तरी हेच होणार. रॅचेटचंही तसंच, उजव्या अंगठ्याने ढकललं की दात सुटतात, डाव्या अंगठ्याने ढकललं तर ते आणखी घट्ट बसतात.

माझं मत विचाराल तर दोन गोष्टी स्वतःच्या घ्या, डाव्या हाताची एक कात्री आणि डाव्या हाताचा एक नीडल होल्डर. ऑर्डर देऊन मिळतात, थोडे दिवस लागतात. त्यांच्या रिंगला रंगीत टेप लावून ठेवा, नाहीतर ते सेटमध्ये मिसळतील आणि उजव्या हाताच्या डॉक्टरांना तोच त्रास होईल जो आज तुम्हाला होतोय. आर्टरी मात्र सगळ्या डाव्या मिळणार नाहीत, तिथे सोडायची पद्धत शिका. एक रिंग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्थिर धरायची आणि दुसरी रिंग मधल्या बोटाने आणि अनामिकेने पलीकडे ढकलायची. सहायक म्हणून उभे राहिलात की उजव्या हाताच्या डॉक्टरांनाही डाव्या हाताने आर्टरी सोडायची वेळ येतेच, तेही हेच करतात. घरी एका जुन्या आर्टरीवर टीव्ही बघत बघत शंभरदा करा, आठवड्यात हाताला कळतं. आणि केस लागायच्या आधी सिस्टरना सांगून ठेवा, म्हणजे इन्स्ट्रुमेंट तुमच्या योग्य हातात येईल.

आम्ही दोघं मिळून छोटं नर्सिंग होम सुरू करतोय. एकाच आर्टरीचे तीन दुकानांत तीन भाव, त्यातला एक तर दुसऱ्याच्या चौपट. दुकानदार म्हणतो जर्मन आहे. एक जण म्हणाला लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर खोटं स्टील. खरं काय बघायचं? (बारामती)

आधी लोहचुंबकाचं, कारण हा गैरसमज फार पसरलाय. घरातल्या भांड्यांच्या हिशोबाने लोक बोलतात. कात्र्या, आर्टरी, नीडल होल्डर यांना धार आणि स्प्रिंग लागते, त्यासाठी ४१० किंवा ४२० सारखं स्टील वापरतात जे तापवून थंड करून कडक करता येतं, आणि त्या स्टीलला चुंबक चिकटतंच, चिकटायलाच हवं. चिकटत नाही ते ३०४ वगैरे, त्याचे ट्रे, बाऊल, किडनी ट्रे करतात, ते गंजापुढे जास्त टिकाऊ पण त्याला धार राहत नाही. म्हणजे कात्रीला चुंबक चिकटला नाही तर उलट शंका घ्या.

जर्मन शिक्क्याचं असं आहे, जर्मनीतलं ट्युटलिंगेन हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि पाकिस्तानातलं सियालकोटही, तिथली इन्स्ट्रुमेंट्स जगभर जातात. आपल्याकडे बंगालमध्ये कोलकात्याजवळ बारुईपूर भागात घरोघरी हे काम चालतं. चांगला कारागीर तिन्हीकडे आहे आणि वाईट मालही निघतो. शिक्का कोरायला काही लागत नाही, तेव्हा शिक्का वाचत बसण्यापेक्षा वस्तू हातात घ्या.

मी मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटवर खरेदीला जायचे तेव्हा पर्समध्ये गॉजचा तुकडा, थोडा कापूस आणि एक जुना ग्लोव्ह असायचा. दुकानदार आधी बघत राहायचे, मग ओळखायला लागले. आर्टरी घेतली की पहिल्यांदा डोळे मिटून नुसती उघड-बंद करायची. मधे कुठे खरखर, कुठे अडकणं, कुठे एकदम सैल सुटणं असं काही नको, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी चाल हवी. मग दोन्ही रिंग धरून जबडे वर-खाली हलवायचे, बॉक्स जॉइंट (दोन्ही दांडे एकमेकांत बसतात तो सांधा) डुगडुगला तर परत द्यायची, नवीन असताना डुगडुगते ती सहा महिन्यांनी काय करेल. मग हळू बंद करायची, टोकं आधी टेकली पाहिजेत आणि नंतर दाब वाढवला की मागचा भाग टेकत यायला हवा. दाते एकमेकांत बसले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. पहिल्या दाताला लावून, जबड्याच्या बाजूने धरून रिंगची बाजू टेबलावर हलकेच आपटायची, उघडली तर नको. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनीवर लावलेली आर्टरी आपोआप सुटणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

कापूस कशाला तर तो सगळ्या अंगावरून फिरवायचा, रिंगच्या आतून, जॉइंटवरून, टोकावरून. एक तंतू जरी अडकला तरी तिथे कंगोरा आहे, तो ग्लोव्ह फाडणार किंवा टिश्यू. कात्री असेल तर गॉजचे चार पदर टोकाने कापायचे, मागच्या भागाने सगळ्याच कात्र्या कापतात, कस लागतो तो टोकाला. कापून झाल्यावर कात्री मिटून ओढली तर दोरा बरोबर यायला नको. बारीक कात्रीला गॉजऐवजी ग्लोव्हचं रबर.

आणि रिंग. याच्याकडे कुणी बघतच नाही. रिंगची आतली कड बोटाने चाचपा, गोल आणि गुळगुळीत हवी. दिवसाला चार केस असल्या की त्या कडेनेच अनामिकेला वळ उठतो. तुम्ही दोघं आहात तर दोघांनी ग्लोव्ह घालून धरून बघा, एकाचा नंबर साडेसहा आणि दुसऱ्याचा आठ असेल तर एकाच साइझची रिंग दोघांना सुखाची होणार नाही. चकाकीवर भाळू नका, आरशासारखं पॉलिश दुकानात छान दिसतं, ओटी लाइटखाली डोळ्यावर येतं, म्हणून मॅट फिनिश घ्या.

शेवटचं, लॉट घ्यायच्या आधी एक-एक नग आणा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास उकळा, त्याच पाण्यात थंड होऊ द्या, बाहेर काढून सुकू द्या आणि दुसऱ्या दिवशी भिंगाने जॉइंट आणि दाते बघा. तांबूस ठिपके आले तर तो माल नको. पक्कं बिल आणि लॉट नंबर मागा. चौपट भावाची आर्टरी या सगळ्यातून पास झाली तर मी ती घेईन, कारण ती नीट वापरली तर वर्षानुवर्षं जाते. पण नापास झाली तर फुकटही घेऊ नये.

आमच्याकडे नवीन सेट वर्षभरात काळपट-तपकिरी झाला. कंपनीवाला म्हणतो तुमची धुण्याची पद्धत चुकीची. आम्ही तर लगेच हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या पाण्यात) टाकतो. (स्टाफ नर्स, रत्नागिरी)

अगं, त्या हायपोक्लोराइटमध्येच घोळ आहे. आपल्याकडे खूप ठिकाणी ही सवय आहे आणि हेतू चांगलाच असतो, पण क्लोराइड हा स्टेनलेस स्टीलचा वैरी. वर जो पातळ संरक्षक थर असतो तो क्लोराइडने फुटतो आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. सलाइनमध्ये भिजवत ठेवणं हाही तोच प्रकार, आणि वाळलेलं रक्तही, त्यातही मीठ असतंच. केस चालू असतानाच साध्या स्टराइल पाण्यात भिजवलेल्या गॉजने पुसत राहायचं, नंतर सगळे जॉइंट उघडून एन्झाइमच्या पाण्यात, मऊ नायलॉन ब्रश, तारेची घासणी अजिबात नाही, आणि शेवटचं धुणं आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्याने.

डाग आहे की गंज हे ओळखायला पेन्सिलचं खोडरबर घे आणि घास. डाग निघून खाली सपाट धातू दिसला तर तो नुसता डाग, पाण्यातला किंवा वाफेतला. खाली खड्डा दिसला तर गंज, आणि तो जॉइंटमध्ये असेल तर ते इन्स्ट्रुमेंट वापरातून काढ, कारण तिथूनच ते तडकतं. ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला) लावताना रॅचेट उघडं ठेव, फार तर पहिल्या दातावर. पूर्ण लॉक करून लावलं तर वाफ आत जात नाही आणि तापून धातू प्रसरण पावला की जॉइंटला चीर जाते. जॉइंट जड झाले म्हणून शिवणमशीनचं तेल घालतात तेही बंद कर, तेलातून वाफ जात नाही. पाण्यात मिसळणारं इन्स्ट्रुमेंट मिल्क मिळतं, पांढरं दुधासारखं, धुतल्यावर त्यात बुडवून न पुसता निथळू द्यायचं. आधी जड चालणारी आर्टरी त्यानंतर कशी बोटाने चालते बघ, अर्ध्या डॉक्टरांच्या तक्रारी तिथेच मिटतात.

लॅपरोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) करते, ग्लोव्हचा नंबर ६. मोठ्या केसनंतर अंगठ्याची एक बाजू बधिर होते, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत. स्टेपलर तर एका हाताने दाबताच येत नाही. पुरुष सहकाऱ्यांना हे सांगायला संकोच वाटतो. (पुणे)

मॅडम, संकोच करू नका, तुमच्यासारख्या कितीतरी जणींना मी केस संपल्यावर अंगठा चोळताना बघितलंय. रिंगची कड अंगठ्याच्या बाजूच्या नसेवर तासन् तास दाबली जाते, त्याची ती बधिरता. हँडल बनवताना मोठा पंजा डोळ्यापुढे ठेवलेला असतो, लहान हाताला रिंगपर्यंत पोचायला बोटं ताणावी लागतात आणि ताणलेल्या बोटात जोर राहत नाही. शिवाय लांब दांड्याच्या इन्स्ट्रुमेंटमध्ये तुम्ही जेवढा जोर लावता तेवढा टोकाला पोचतच नाही, म्हणून नकळत आणखी दाबलं जातं.

मी बघितलेले उपाय सांगते. अंगठा रिंगमध्ये खोल घालू नका, नुसतं धरून ठेवायचं असेल तेव्हा अंगठा बाहेर काढून हँडल तळव्यात धरा आणि लॉक असलेला ग्रास्पर (पकडायचं इन्स्ट्रुमेंट) मागा म्हणजे दाबत राहावं लागणार नाही. टेबल खाली घ्या, हँडल कोपराच्या उंचीला आलं पाहिजे, उंच सहकाऱ्याच्या मापाने टेबल ठेवलं तर तुमचे खांदे वर जातात आणि मनगट वाकतं. नाहीतर पायाखाली स्टूल मागा, हक्काने. स्टेपलर दोन हातांनी दाबला तर काही बिघडत नाही, कॅमेरा धरणाऱ्याला आधी सांगून ठेवा. आणि खरेदीच्या मीटिंगला जा. डेमोला आलेलं इन्स्ट्रुमेंट लहान ग्लोव्ह घालणाऱ्या दोघी-तिघींच्या हातात दिल्याशिवाय ऑर्डर जाऊ देऊ नका. बधिरता आठवडाभर राहिली तर मात्र न्यूरोलॉजिस्टना दाखवाच.

मी बीएएमएसला आहे. सुश्रुताचार्यांनी यंत्रशस्त्रांची यादी दिली ते शिकलो, पण ती चांगली की वाईट हे तपासण्याबद्दल काही आहे का? (नाशिक)

आहे, आणि वाचून मी थक्क झाले होते. सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाचा ७ वा आणि ८ वा अध्याय परत काढा. १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सगळ्यांना पाठ असतात, पण त्याच अध्यायांत यंत्रांचे १२ दोष आणि शस्त्रांचे ८ दोष दिलेत. यंत्रदोषांत बघा, अग्राही म्हणजे पकडतच नाही, विषमग्राही म्हणजे एकीकडे पकडतं दुसरीकडे नाही, शिथिल, मृदुकील म्हणजे खिळा कच्चा, मृदुमुख म्हणजे तोंड मऊ, असार म्हणजे धातूच निकस. वर सोलापूरच्या डॉक्टरांचा जो होल्डर आहे तो विषमग्राही, आणि डुगडुगणारी आर्टरी शिथिल. शस्त्रांत वक्र, कुंठ म्हणजे बोथट, खंड म्हणजे तुटकं, खरधार म्हणजे खरबरीत धारेचं वगैरे, आणि खरधार हा दोष करवतीला लागू नाही कारण तिला हाडच कापायचंय, इतका बारीक विचार.

शस्त्राचे गुण सांगताना पहिलाच शब्द सुग्रह आहे, हातात नीट धरता येणारं. चांगलं लोखंड, चांगली धार हे त्याच्यानंतर. धारेची कसोटी रोमच्छेदी, केस कापला पाहिजे. आणि सगळ्या यंत्रांत प्रधान यंत्र म्हणजे हात, हेही तिथेच. वर्गात हे शिकवत असतील तर एक दिवस सरांना सांगून कॉलेजच्या ओटीतला एखादा जुना सेट मागून घ्या आणि १२ दोषांची यादी समोर ठेवून एक-एक आर्टरी तपासा, कायमचं लक्षात राहील.

डेंटल क्लिनिकमध्ये हाताने स्केलिंग (दातांवरचा दगड काढणं) खूप असतं, संध्याकाळी चिमटीत दुखतं. महागडा सेट घेऊ का? (कोल्हापूर)

आधी आहे त्याची धार बघा. प्लास्टिकची टेस्ट स्टिक मिळते, स्केलरची कड तिला लावून हलकं ढकला, ती रुतली तर धार आहे, घसरली तर नाही. बोथट स्केलरने माणूस दुप्पट दाबतो आणि दाताचा दगड निघण्याऐवजी घासला जातो. धार लावूनही दुखलं तर हँडल बघा. बारीक आणि जड हँडल सगळ्यात वाईट, साधारण १० मिमी जाडीचं, पोकळ, १५ ग्रॅमच्या आसपास वजनाचं घेतलं तर चिमटीवरचा ताण कमी होतो. सेट नको, रोज सगळ्यात जास्त वापरता ते दोनच आधी बदला.

आमच्या मोठ्या सरांची एक आवडती मेट्झेनबॉम (टिश्यू कापायची नाजूक कात्री) आहे, खूप जुनी. इतक्यांदा धार लावलीय की पाती बारीक झालीत आणि टोकं जुळत नाहीत. पण ती नसेल तर सर चिडतात. काय करू? (ओटी सिस्टर, अकोला)

मला हे पत्र फार जवळचं वाटलं, आमच्याकडेही अशी एक होती. दरवेळी धार लावताना थोडा धातू जातोच आणि एका टप्प्यानंतर पाती मिटली तरी टोकाला फट राहते, मग ती धारेने भरत नाही. सरांना ती आवडते कारण तिचा जॉइंट इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला बसलाय, ते खोटं नाही. म्हणून वाद घालू नकोस. केसच्या आधी, ग्लोव्ह घालून झाले की ट्रॉलीवर गॉजचे चार पदर धर आणि त्यांच्या हातात आधी जुनी दे, मग नवी दे, दोन्हींनी टोकाने कापायला सांग. नवी घेताना त्याच लांबीची, त्याच वाकाची आणि जॉइंट तेवढाच हलका चालणारी बघून आण, आणि पहिले पंधरा दिवस जुनीही ट्रॉलीवर असू दे. तू काढून घेतलीस असं वाटायला नको. नव्या मेट्झेनबॉमने कुणाला धागा कापू देऊ नकोस, धाग्याला वेगळी कात्री ठेव. जुनीला लाल टेप लाव, ती आता धाग्यांची.